उतरते मासे चढत्यांत मोजल्याबाबत

प्रति,
मा. श्री. डी. पेटिग्रू,
उपसंचालक (नदी वर्गवारी),
उत्तर विभाग मत्स्य कचेरी,
पोर्टकॅरन.

अर्जदार : कु. एफी मॅकफेल, निवृत्त शिक्षिका, माजी मानद सचिव, डोरन नदी मंडळ. राहणार उत्तर काठ, ब्रेडोरन.

विषय : डोरन नदीस दिलेला पहिला वर्ग रद्द करून सॅमन मारण्यावर तात्काळ बंदी घालणेबाबत, तसेच आपण स्वतः धरलेल्या माशाबाबत.

संदर्भ : १) माझा ऑक्टोबरमधील अर्ज (गोपनीय). २) माझा मार्चमधील अर्ज (परीक्षा घेणेबाबत). ३) दुसऱ्या अर्जास आपल्याकडून न आलेले उत्तर.

महोदय,

(मागील दोन्ही अर्जांत ‘माननीय महोदय’ असे होते. यावेळी एक शब्द कमी आहे, तो नजरचुकीने नव्हे.)

१. मी डोरन नदीच्या उत्तर काठावर जन्मले व अद्याप तिथेच आहे. उत्तर काठ गावाच्या मासेमारी मंडळाकडे आहे. दक्षिण काठ किल्डोरन इस्टेटीचा आहे. मधले पाणी कोणाचे, यावर गावात अनेक मते आहेत, पण त्यातल्या सॅमनबद्दलचा शेवटचा शब्द कायद्याने आपला आहे. दक्षिण काठावर पाहुण्यांना मासेमारीला नेणारा, त्यांची होडी, गळ, बूट आणि मन सांभाळणारा जो घिली आहे, त्याचे नाव टॉर्किल मॅकफेल. तो माझा सख्खा धाकटा भाऊ. आमचे वडीलही त्याच काठावर घिली होते. टॉर्किल विधुर आहे, इस्टेटीने दिलेल्या घरात एका म्हाताऱ्या कुत्र्यासोबत राहतो, आणि आमच्या चर्चमध्ये वाद्य नसल्याने दर रविवारी स्तोत्राची ओळ तोच उचलतो. मंडळी त्याच्यामागून म्हणतात. मीही म्हणते. हे सर्व आपणास माहीत आहे, कारण ते माझ्या पहिल्या अर्जात होते आणि तो अर्ज आपण साऱ्या गावाला वाचून दाखवला. त्याकडे मी सातव्या मुद्द्यात येते.

२. प्रथम माशाविषयी. आपल्या पदावरील व्यक्तीस हे ज्ञात असणे अपेक्षित आहे, तरी अनुभव लक्षात घेता पुन्हा लिहिते. समुद्रातून अंडी घालायला नदीत वर येतो तो चढता मासा. तो भरलेला, जड, रुपेरी असतो आणि नदीत शिरल्यापासून काही खात नाही. अंडी घालून झाली की बहुतेक मासे मरतात. जे तगतात ते हिवाळाभर डोहाच्या तळाशी उपाशी पडून राहतात आणि वसंतात समुद्राकडे परत निघतात. ते उतरते. परतताना त्यांच्या अंगावर पुन्हा चांदी चढते, त्यामुळे वरून पाहणाऱ्यास ते चढत्यासारखेच दिसतात. पण डोके मोठे, पोट सैल, शेपटीच्या कडा झिजलेल्या आणि कल्ल्यांत पांढरे किडे. शिवाय भूक इतकी, की पिसांची खोटी माशी समोर आली की विचार न करता तोंड उघडतात. चढता मासा मिळवायला आठवडा जातो. उतरता कोणालाही मिळतो.

३. म्हणूनच आमच्याकडे उतरता मासा मोजत नाहीत. तो गळाला लागला तर पाण्यातच धरायचा, हळूच सोडायचा आणि त्याबद्दल बोलायचे नाही. पाहुण्याचा फोटोही काढत नाहीत, कारण बाळंतिणीला अंथरुणातून उठवून फोटो काढल्यासारखे ते दिसते. हा आपल्या कचेरीचा नियम आहे आणि त्याच्या कितीतरी आधीपासून तो आमच्या घरचाही नियम होता. तीन वसंतांपूर्वीपर्यंत दक्षिण काठावर तो पाळला जात होता.

४. तीन वसंतांपूर्वी काय झाले ते मला टॉर्किलनेच सांगितले, म्हणून जसेच्या तसे देते. एक वयस्क पाहुणे बारा-तेरा वर्षे फेब्रुवारीत येत. त्यांना कधी मासा मिळाला नव्हता. त्या वर्षी त्यांची पत्नी वारली होती. त्यांच्या गळाला एक उतरती मादी लागली. जाळीत रुपेरी मासा पाहून ते गृहस्थ पाण्यात उभ्या उभ्या रडू लागले आणि म्हणाले, “टॉर्किल, हा चढता आहे ना रे?” टॉर्किल म्हणाला, “चढताच, साहेब! समुद्राचं मीठ अजून अंगावर आहे त्याच्या.” त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्या एका उत्तराबद्दल टॉर्किललाही देत नाही. पण ते पाहुणे हॉटेलात जाऊन सांगते झाले, ते ऐकून दुसरे आले, आणि दुसऱ्यांनाही चढताच हवा होता. त्या वसंतात दक्षिण काठावर पकडून सोडलेले जेवढे मासे आपल्याकडे कळवले गेले, तेवढे आमच्या वडिलांच्या उमेदीच्या काळातही आले नव्हते.

५. मी टॉर्किलशी प्रथम घरात बोलले, हे आपण सभेत सांगायचे विसरलात. मी त्याला म्हटले, अरे, हे उतरते आहेत, तुला दिसत नाही का? तो माझ्याच चुलीपुढे पाय शेकत म्हणाला, “एफी, चर्चमध्ये तू बेसूर गातेस. मी इतकी वर्षं ओळ उचलतो, कधी मागे वळून बघितलंय?” यावर मला हसू आले, हे मी नाकारत नाही. त्याला बोलण्यात हरवणे लहानपणापासून कोणाला जमलेले नाही. मग तो गंभीर होऊन म्हणाला, “इस्टेटीचा मॅनेजर सांगून गेलाय. फेब्रुवारी-मार्चचे आठवडे रिकामे गेले तर वसंतात घिली कशाला हवा? आणि घिली नको तर त्याचं घर पाहुण्यांना द्यायला झकास आहे म्हणे. मासा तर मी सोडूनच देतो ना? कोणाचं काय गेलं त्यात?” याचे उत्तर आपल्या कचेरीने नंतर पुरवले.

६. आपल्या कचेरीने गेल्या उन्हाळ्यात कळवले की डोरन नदीतील वसंताच्या माशांची संख्या ‘उत्साहवर्धक’ असून तिसऱ्या वर्गातून, म्हणजे जिथे प्रत्येक मासा सोडणे सक्तीचे असते तिथून, तिला पहिल्या वर्गात घेण्याचा विचार आहे. पहिला वर्ग म्हणजे एक एप्रिलपासून सॅमन मारण्यास मुभा. तेव्हा मला कळले कोणाचे काय गेले. मी ऑक्टोबरमध्ये अर्ज केला. त्यावर लाल अक्षरांत ‘गोपनीय’ लिहून खाली दोन रेघा मारल्या, आणि ‘संबंधित घिली माझा भाऊ असल्याने व त्याचे राहते घर त्याच्या नोकरीवर अवलंबून असल्याने, त्याच्यावर कारवाई न करता केवळ आकडे तपासावेत’ अशी विनंती केली. आपण फोनवर म्हणालात, “मिस मॅकफेल, तुम्ही निश्चिंत राहा, हे माझ्यापाशीच राहील.” मी निश्चिंत राहिले. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी एका अधिकाऱ्याच्या शब्दावर निश्चिंत राहिले, याची आता मला लाज वाटते.

आपण मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाहणीस आलात. माझ्याकडे यायचे ठरले होते. मी केक केला होता. आपण पूल ओलांडलाच नाहीत. दक्षिण काठावरच्या लाकडी खोपीत आपण टॉर्किलच्या हातचे सूप प्यालात, त्यानंतर जे प्यालात ते सूप नव्हते, आणि मग त्याने आपल्या हाती गळ दिला. मी हे सारे वडिलांच्या दुर्बिणीतून पाहत होते. ज्या तक्रारीची चौकशी करायला आपण आलात ती तक्रारच आपल्या गळाला लागली, आणि टॉर्किल काठावरून ओरडला, “वा साहेब, वा! असा चढता या वर्षी कोणालाच मिळाला नाही!”

त्या माशासह आपले छायाचित्र सध्या आपल्या कचेरीच्या वार्षिक पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे. कृपया ते समोर घ्यावे. टॉर्किलने शेपटी पूर्ण मुठीत झाकली आहे, कारण तिच्या कडा झिजलेल्या आहेत. त्याचा दुसरा हात पोटाखाली आहे आणि अंगठ्याने पोट वर दाबलेले आहे, कारण सोडले असते तर ते लोंबले असते. माशाचे डोके आपल्या कोटाकडे वळवले आहे, जेणेकरून कल्ले दिसू नयेत. आपण हसत आहात. आपण धरलेला मासा उतरता होता, हे आपणास लेखी कळवण्याची वेळ माझ्यावर आली याचा मला खेद आहे. फारसा नाही, पण आहे.

७. त्यानंतरच्या आठवड्यात गावाच्या सभागृहात नदी मंडळाची जाहीर सभा झाली. मी सचिव म्हणून टेबलाशी बसले होते, टॉर्किल दुसऱ्या रांगेत होता. आपण उठलात, खिशातून माझा अर्ज काढलात आणि ‘पारदर्शकतेच्या दृष्टीने’ तो वाचू लागलात. दोन लाल रेघांसकट. मी आपल्या बाहीला हात लावला, तो आपण बाजूला केलात. ‘संबंधित घिली माझा भाऊ असल्याने’ हे शब्द आपण वाचले तेव्हा सभागृहातल्या खुर्च्या एकदम करकरल्या, कारण सगळे टॉर्किलकडे वळले. माझ्याकडे कोणी पाहिले नाही. त्याचे घर वाचावे म्हणून मी जे वाक्य घातले होते, त्याच वाक्याने आपण माझा केसाने गळा कापलात.

मग आपण विचारलेत, “मिस्टर मॅकफेल, यावर काही म्हणणं?” टॉर्किल उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मला वाटले आता तो खरे बोलेल, कारण खोटे बोलताना त्याचा चेहरा कधी पांढरा पडत नाही. तो म्हणाला, “साहेब, आमची एफी पुस्तकं वाचून हुशार आहे. पण मासा? लहानपणी बाबा आम्हा दोघांना डोळे मिटायला लावून हातात मासा द्यायचे, चढता की उतरता सांग म्हणून. मला कळायचं. हिला कधीच कळलं नाही. बाबा तिचं मन राखायला ‘बरोबर’ म्हणायचे.” सभागृह हसले. पोस्टातली मेरेड हसली, जिच्या तिन्ही मुलांना मी लिहायला शिकवले. आपणही हसलात, महोदय. त्याच सभेत मला सचिवपदावरून ‘विश्रांती’ देण्याचा ठराव झाला.

हे प्रकरण आपल्या कचेरीच्या कक्षेत येत नाही, याची मला जाणीव आहे. तरीही लिहिते. वडील आम्हाला पाण्यात गुडघाभर उभे करीत. मासा पाण्यातच असे; आम्ही फक्त डोळे मिटून एक हात शेपटीच्या मनगटाला आणि एक पोटाखाली धरायचा. चढत्याचे पोट हातात भरते, उतरत्याचे बोटांमधून ओघळते. वडील म्हणत, “एफी, सांग.” मी सांगायचे. ते म्हणत, “बरोबर.” मुलगी म्हणून काठ मला मिळणार नव्हता, तो टॉर्किलला मिळाला आणि मी शाळेत गेले. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही, कारण काठ नाही तरी हात मला मिळाला आहे, असे मी इतकी वर्षे समजत होते.

८. त्यावरून मी मार्चमध्ये दुसरा अर्ज केला की आपल्यासमक्ष माझी व टॉर्किलची परीक्षा घ्यावी, दोघांच्याही डोळ्यांना पट्टी बांधावी, मासे परक्या नदीचे असावेत आणि परीक्षकाने सूप पिऊ नये. आपण उत्तर दिले नाही. आपल्या कचेरीतल्या एका मुलीने फोनवर सांगितले की अशा परीक्षेसाठी नमुना अर्ज उपलब्ध नाही. उतरता मासा कापून दाखवला तर पुरावा ठरेल का, असे मी विचारले. ती म्हणाली ठरेल, पण उतरता मासा मारणे हा गुन्हा आहे. मग मी विचारले, पुरावा कसा आणू? ती मुलगी भली होती. ती म्हणाली, “मला पण तोच प्रश्न पडलाय.”

९. एक एप्रिलला डोरन नदी पहिल्या वर्गात गेली. इथून पुढचे कृपया सावकाश वाचावे, कारण यात आपल्या कचेरीने काय केले आहे ते आहे.

मासा सोडून देत होते तोपर्यंत खोटे पचत होते, कारण आत काय आहे हे कोणी पाहतच नव्हते. मारायची मुभा आली आणि सुरी आली. चढत्याचे मांस लालसर, घट्ट निघते. उतरत्याचे पांढरट आणि पाणचट निघते, ओल्या कागदासारखे. कुत्रेही हुंगून बाजूला होते. पाहुण्याने एक उतरता मासा मारून हॉटेलच्या स्वयंपाक्याला दिला असता, तर रात्रीच्या जेवणाआधी तीन वसंतांचे बिंग फुटले असते. हे टॉर्किलच्या ताबडतोब लक्षात आले, तो मूर्ख नाही. म्हणून तो आता काय करतो? गळाला उतरता लागला की म्हणतो, “साहेब, हा जरा लहान आहे, मोठ्या मनानं सोडू या.” पाहुणा खूश होऊन सोडतो आणि तो चढता म्हणून मोजला जातो. आणि क्वचित खरा चढता लागला, की तो मारावाच लागतो, कारण पहिल्या वर्गाच्या नदीत पाहुण्याला एक तरी मासा घरी न्यायचा असतो, आणि कापून दाखवण्याजोगा तेवढा एकच असतो.

म्हणजे, महोदय, डोरन नदीत सध्या सोडलेला प्रत्येक मासा खोटा आहे आणि मारलेला प्रत्येक मासा खरा. आपल्या आकड्यांत नदी भरत चालली आहे. नदीत ती रिकामी होते आहे. या वसंतात खरोखर वर आलेल्या माद्या मी एका हाताच्या बोटांवर मोजल्या होत्या. आता मोजायला अर्धी मूठही लागत नाही.

१०. गेल्या मंगळवारी मी माझ्या काठावर, पाद्रीबुवांच्या डोहापाशी उभी होते. समोर टॉर्किल एका दातांच्या डॉक्टरांना घेऊन होता. डॉक्टरांच्या गळाला मादी लागली. ती ज्या तऱ्हेने तळाशी गेली आणि तिथून हललीच नाही, त्यावरून ती चढती आहे हे मला कळले आणि टॉर्किललाही कळले. बऱ्याच वेळाने ती जाळीत आली. अंगाने इतकी भरलेली की ती कुशीवर पडेना. टॉर्किलने तिला पाण्यात धरले, आणि डॉक्टर काही बोलायच्या आत त्याने वर बघितले. मी कुठे उभी आहे हे त्याला पाहिल्याशिवायही माहीत असते, तरी त्याने पाहिले. मी मान हलवली, नको म्हणून. सभेनंतर आम्ही बोललो नव्हतो, पण मान हलवायला बोलावे लागत नाही. त्याने खिशातून तो लहान सोटा काढला, ज्याला आम्ही पाद्री म्हणतो, कारण शेवटचा संस्कार तोच करतो. मग माझ्याकडे पाठ केली आणि वार केला.

डोहाच्या वरच्या अंगाला खडीचा एक पट्टा आहे. ती मादी नोव्हेंबरात तिथे अंडी घालणार होती. तिथे आता कोणी घालणार नाही.

११. त्याच संध्याकाळी तो माझ्या दारात आला. वर्षातला पहिला मारलेला मासा असेल तर त्याचा शेपटाकडचा तुकडा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. वडील गेल्यापासून तो मला मिळतो. तिसऱ्या वर्गात नदी होती तितकी वर्षे ही पद्धत बंद होती, ते मला चालले होते. तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने पुढे केला. मी घेतला नाही. इथे जे बोलणे झाले ते तो बहिणीशी बोलला, सचिवाशी नव्हे, आणि अर्जदाराशी तर मुळीच नव्हे, हे मला पक्के ठाऊक आहे. तरी लिहिते आहे. माझ्याशी जे झाले तेच मी त्याच्याशी करते आहे, हेही मला कळते.

तो म्हणाला, “एफी, मी काय करू सांग. उतरता मारला असता तर उद्या गावभर झालं असतं.”

मी म्हटले, “म्हणून ती मारलीस?”

“मला काय ती मारायची होती? मारली नसती तर डॉक्टर मॅनेजरला सांगणार, घिली मासा मारू देत नाही. मग घर सोडून जाऊ कुठे, या वयात, कुत्रं घेऊन?”

मी म्हटले, “आणि तीन वर्षांचे ते सगळे?”

“सगळे उतरते. तुला माहीतच आहे. पेटिग्रू साहेबांचा तर कल्ल्यांत किडे वळवळणारा होता. मलाच हसू आवरेना.”

मग मी त्याला मला हवे होते ते विचारले. मी विचारले, “टॉर्किल, बाबा खरंच माझं मन राखायला ‘बरोबर’ म्हणायचे?”

तो बुटांकडे बघत राहिला. वर्तमानपत्रातून पाणी गळून उंबऱ्यावर डाग पडला. नदीबद्दल त्याने मला सगळे खरे सांगितले होते. एवढे एकच वाक्य त्याला परत घ्यायचे होते, आणि ते त्याने घेतले नाही. कदाचित ते खरे असेल. कदाचित इतके बोलून झाल्यावर त्याच्या अंगात आणखी एक माघार घेण्याचे बळ उरले नसेल. मला माहीत नाही. नदी गेली, पद गेले, आपण मला तोंडघशी पाडलेत, त्या सगळ्यापेक्षा मला हे जास्त लागले आहे, आणि अर्जात असे लिहीत नसतात हे माहीत असूनही मी लिहिते आहे. तुकडा तो उंबऱ्यावर ठेवून गेला. तो मी शिजवला नाही आणि फेकलाही नाही. तो मी त्या खडीच्या पट्ट्याशी नेऊन पाण्यात सोडला.

१२. सबब आपणास पुढील विनंत्या आहेत.

अ) डोरन नदी तात्काळ तिसऱ्या वर्गात परत घ्यावी व हंगाम संपेपर्यंत एकही सॅमन मारू देऊ नये. डोहात अजून एक, फार तर दोन माद्या आहेत. चौकशी, समिती, फेरपाहणी हे सगळे त्यांच्या अंडी घालण्यानंतर सवडीने करावे.

आ) पुरावा म्हणून संबंधित घिलीचा कबुलीजबाब वर अकराव्या मुद्द्यात दिला आहे. तो मी स्वतः ऐकला असून कुठेही शपथेवर सांगेन. आपल्या माशाबाबतचा भाग आपणास गाळावासा वाटेल. गाळू नये.

इ) मार्चमधील परीक्षेची मागणी मी मागे घेत आहे. परीक्षकच नापास असल्याने ती निरर्थक आहे.

ई) यामुळे टॉर्किल मॅकफेल याची नोकरी व त्यासोबत घर जाईल. ऑक्टोबरमध्ये मी त्याच्यावर कारवाई करू नये असे लिहिले होते. ती विनंती या अर्जाने रद्द समजावी. तेव्हा मला नदी आणि भाऊ दोन्ही राखायचे होते. आपण, त्याने आणि आता मी, तिघांनी मिळून ते अशक्य केले आहे, आणि दोन्हींपैकी नदीला बोलता येत नाही.

उ) हा अर्ज गोपनीय नाही. लाल रेघ कुठेही मारलेली नाही. येत्या सभेत तो वाचावा, आणि मागच्यासारखा अर्धा नव्हे, शेवटपर्यंत. सोबत एक चिठ्ठी जोडली आहे. ती टॉर्किल समोर असताना, एक शब्द न बदलता वाचावी. ती सरकारी भाषेत नाही, त्याला इलाज नाही.

आपली,
नम्र राहण्याची शर्थ केलेली,

(सही)
एफी मॅकफेल
ब्रेडोरन, उत्तर काठ
दि. १४ एप्रिल

सोबत : चिठ्ठी एक, मजकूर खालीलप्रमाणे.

टॉर्किल,

साहेब हे वाचत असतील तेव्हा उठून जाऊ नकोस. बस खाली.

तुझं घर जाणार. ते माझ्यामुळे जाणार, हे लोकांना सांगायला तू मोकळा आहेस. मी नाही म्हणणार नाही. माझ्याकडची मागची खोली रिकामी केली आहे. पलंगाखाली माझी पुस्तकं आहेत ती तूच हलव, माझी कंबर धरते. खिडकी चिकटलीये, तिला खालून धक्का दे. कुत्र्याला आण, पण तो स्वयंपाकघरात येणार नाही, आणि याबाबतीत मी तुझं काही ऐकणार नाही.

बाबांबद्दल जे बोललास ते परत घेईपर्यंत मी तुझ्याशी एक अक्षर बोलणार नाही. खरं असेल तर तेही सांग, पण माझ्याकडे बघून सांग.

जेवण सहाला असतं. उशीर केलास तर गार खावं लागेल.